चार लांबडे

तारीख १२ फेब्रुवारी १९७४, मंगळवार. रक्कम अठ्ठ्याहत्तर रुपये चाळीस पैसे. हजर असलेले: कारखान्याचे चीफ इंजिनिअर पेठकर, लेबर ऑफिसर, स्टोअरकीपर म्हणून मी, आणि ज्यांची चौकशी होती ते फिटर आनंदा फडतरे. खुर्च्या चार मांडल्या होत्या. फडतरे शेवटपर्यंत उभे राहिले. रक्कम त्यांच्या सात दिवसांच्या पगाराची, रोजी अकरा रुपये वीस पैशांप्रमाणे. सात दिवस बिनपगारी, अशी शिक्षा झाली. कामावरून काढून टाकण्याचंही त्या दिवशी बोलून झालं होतं. ही रक्कम अखेर कुठे गेली ते शेवटी लिहितो. आधी लिहिलं तर माणूस कळायचा नाही.

फडतरे मागच्या वर्षी त्यांच्या गावी वारले. ज्यांनी त्यांना पाहिलं नाही त्यांच्यासाठी हे लिहितो आहे, आणि लिहिताना माझी चिडचिड होते हेही सांगून टाकतो. थोडी त्यांच्यावर, कारण हा माणूस कुठलीही गोष्ट नीट उलगडून सांगत नसे. थोडी कारखान्यावर. बाकीची माझ्यावर, आणि बाकी हीच रक्कम मोठी आहे.

मी सांगलीचा. १९७१च्या पावसाळ्यात या सहकारी साखर कारखान्यात रुजू झालो, तेव्हा चाळिशी उलटली होती आणि पदरी दोन मुली होत्या. पहिल्याच दिवशी स्टोअरमध्ये माझ्या टेबलाशेजारी नवा आलेला एक व्हॉल्व्ह पेटीतून काढून आडवा ठेवलेला होता. खिडकीशी एक मध्यम बांध्याचा, खाकी अर्ध्या चड्डीतला गृहस्थ चिंध्या मागायला आला. त्याने व्हॉल्व्हकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि दारातून सरळ आत आला.

"उठा वाईच," तो म्हणाला.

मी काही पडलं की काय म्हणून उठलो. त्याने माझी खुर्ची उचलली, चार फूट डावीकडे नेऊन ठेवली आणि म्हणाला, "आता बसा. त्याच्या तोंडासमोर बसला व्हता. त्ये दाबून धरल्यालं हाय." चिंध्या घेऊन तो निघून गेला. काय दाबून धरलं आहे, कोणी धरलं आहे, काही नाही. मी दिवसभर टेबलापासून चार फूट लांब बसून, हात लांब करकरून नोंदी केल्या. खुर्ची परत ओढली तर भांडण केल्यासारखं होईल आणि न ओढली तर हुकूम ऐकल्यासारखं, या विचारात पाच वाजले. हे आनंदा फडतरे. वडूजच्या पलीकडचं कोरडवाहू गाव, चौदा वर्षं पलटणीच्या वर्कशॉपात, तिथून निवृत्त होऊन कारखान्यात.

त्या व्हॉल्व्हबद्दल थोडं सांगायला हवं. दोन पराती तोंडाला तोंड लावून ठेवाव्यात आणि काठाला सोळा बोल्ट आवळावेत, तसा त्याचा वरचा भाग दिसतो. दोन परातींच्या मध्ये रबरी पडदा. वरच्या परातीला कारखान्यात टोपी म्हणतात. या टोपीच्या आत बोटाएवढ्या जाड सळईची स्प्रिंग दाबून बसवलेली असते. खालून हवा भरली की पडदा उचलला जातो, झडप उघडते आणि वाफ पुढे जाते. हवा गेली की स्प्रिंग झडप खाली दाबून बंद करते. बाहेरून फक्त पराती दिसतात. पण स्प्रिंग आत कायम दाबलेली असते, हवा असो वा नसो, कारखाना चालू असो वा बंद. टोपी जागेवर असते ती केवळ काठावरच्या बोल्टांमुळे.

म्हणून त्या सोळा बोल्टांपैकी बारा आखूड असतात, दीड इंची, आणि चार लांब, साडेचार इंची. उघडताना आधी बारा आखूड काढायचे. मग लांब चार समोरासमोर थोडे थोडे सैल करत जायचं. त्यांच्या लांबीभर टोपी हळूहळू वर येते आणि स्प्रिंग आपला जोर सोडून मोकळी होते. मग टोपी हाताने उचलता येते. बसवताना सगळं उलट: आधी चार लांब, समोरासमोर आवळत काठाला काठ भिडवायचा, मग बारा आखूड. हे मी आता चार ओळींत लिहिलं. फडतऱ्यांनी मला ते तीन वर्षांत सांगितलं नाही.

ते काम करताना मात्र पाहण्यासारखे असत. गाळप बंद असलेल्या महिन्यांत मी मुद्दाम जात असे. आधी वाफ बंद, मग हवेची नळी स्वतःच्या हाताने सोडवायची, आणि नळीचा पितळी नट स्वतःच्या खिशात घालायचा, म्हणजे त्यांना विचारल्याशिवाय कोणी हवा जोडू शकणार नाही. दोन्ही परातींवर मिळून खडूची एक उभी रेघ. मग टोपीवर तळहात ठेवून क्षणभर थांबायचं, अनोळखी बैलाच्या पाठीवर ठेवतात तसा. आणि लांब बोल्टांना पान्हा लावला की पलटणीतली मोजणी सुरू: "एक नंबर आधा. तीन नंबर आधा. दो नंबर आधा. चार नंबर आधा." मध्ये कोणी बोललं की ते पान्हा खाली ठेवत. रागावत नसत, फक्त ठेवत. एकदा पेठकरसाहेबांनी वाजले किती म्हणून विचारलं. फडतऱ्यांनी पान्हा ठेवला, हात पुसले, घड्याळ पाहून वेळ सांगितली, साहेब निघून जाईपर्यंत वाट पाहिली, मग पान्हा उचलला. साहेबांना हे आवडलं नाही, आणि त्यांच्या ते लक्षात राहिलं.

घाई करणाऱ्याला ते म्हणत, "मशीन थांबतं, मानूस झोपतो. स्प्रिंग झोपत न्हाई." टोपीच्या समोर कोणी आलं की, "बाजूला सर रं. तिला तुजं नाव ठावं न्हाई." यापुढे स्पष्टीकरण नाही.

आमचं भांडण एका शब्दावरून झालं. लांब बोल्टांना ते लांबडा म्हणत. १९७२च्या उन्हाळ्यात त्यांच्याकडून, जादा म्हणून ठेवायला, मागणीची चिठ्ठी आली: 'लांबडं – ४'. आमच्या भागात दिवेलागणीनंतर सापाचं नाव घेत नाहीत, लांबडं म्हणतात. स्टोअरमधले दोघे कारकून पोट धरून हसले. त्यातल्या एकाने चिठ्ठीवर शेरा मारला, 'शिल्लक नाही, गारुड्याकडे चौकशी करावी', आणि इतर कागदांबरोबर ती सहीला ठेवली. मी सही केली. न वाचता केली असं आजवर मी सांगत आलो आहे. वाचून केली होती.

फडतरे चिठ्ठी घेऊन आले. शेरा त्यांनी वाचला होता. तोंडावर काही नव्हतं.

मी म्हणालो, "फडतरे, रजिस्टरात लांबडा नावाची वस्तू नाही. जाडी लिहा, लांबी लिहा, मी देतो."

"जाडी ह्येच. लांबी म्हंजी, स्प्रिंग जेवढी वर येती त्याच्या म्होरं बोटभर."

"ती इंचात किती?"

"त्ये ज्या त्या व्हॉल्वावर हाय."

"मग मी लिहू काय?"

"लांबडं लिवा." मग शेऱ्यावर बोट ठेवून म्हणाले, "आन ह्यो शेरा खोटा न्हाई. आत सापच हाय. येटाळून बसलाय. त्याला भाईर काढायचा तर लांबडंच लागतंय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला एक सुतळीचा तुकडा आणून दिला. दोन गाठी मारलेल्या. म्हणाले, मोठ्या व्हॉल्व्हचं माप हे, या गाठीपासून त्या गाठीपर्यंत, कागदाला टाचा. मी सांगितलं की कारखान्याच्या दप्तरी सुतळी टाचता येत नाही. ते म्हणाले, मग ड्रॉवरात ठेवा, लागंल. मी ती ड्रॉवरमध्ये टाकली आणि विसरलो. मी फूटपट्टी लावून त्या दोन गाठींमधलं अंतर मोजलं असतं तर साडेचार इंच हा आकडा मला तेव्हाच मिळाला असता आणि चिठ्ठी मंजूर झाली असती. आकडेमोडीचा मला अभिमान आहे. पण माझ्या मते माप चिठ्ठीवर लिहिण्याचं काम फिटरचं होतं.

आता माझी चूक. १९७३च्या हंगामाआधी बॉयलर अग्निप्रदीपनाचा समारंभ होता. त्याच्या आदल्या वर्षी एका पाहुण्यांचं उपरणं कुठल्याशा बोल्टात अडकून फाटलं होतं, म्हणून या वेळी रंगरंगोटी आणि टापटीप हे काम माझ्याकडे आलं. मी वही घेऊन फिरलो. वाफेच्या लाइनवर अशा जातीचे सात व्हॉल्व्ह, आणि प्रत्येकाच्या टोपीवर चार बोल्ट साधारण साडेतीन इंच बाहेर आलेले. मी हिशेब केला: अठ्ठावीस बोल्ट, मिळून आठ फूट दोन इंच आटे विनाकारण हवेत. पूर्वीच्या कोणा स्टोअरकीपरने जो हाताला लागला तो बोल्ट देऊन टाकला असणार, असं मी गृहीत धरलं. फडतरे तेव्हा रजेवर होते, गावी ज्वारीची पेरणी होती; परत आले ते गाळप सुरू झाल्यावर, आणि चालू लाइनवरच्या टोप्यांपाशी जायचं त्यांना फेब्रुवारीपर्यंत कारण पडलं नाही. मी रोजंदारीवरचा एक माणूस लावून अठ्ठावीसही बोल्ट एकेक करून बदलून घेतले आणि सगळीकडे दीड इंची घातले. वर चंदेरी रंग. काढलेले बोल्ट स्टोअरला जमा करायचे तर रजिस्टरात त्यांना पान नव्हतं, म्हणून ते भंगारात गेले आणि भंगार विकलं गेलं. समारंभात पेठकरसाहेब म्हणाले, यंदा सगळं एकसारखं दिसतंय. मला फार बरं वाटलं.

६ फेब्रुवारीला, बुधवारी सकाळी पावणेअकराला, सर्वांत मोठ्या व्हॉल्व्हचा रबरी पडदा फाटला. हवा धरेना, स्प्रिंगने झडप बंद केली, रस आटवायला वाफ मिळेना. शेजारून जाणारी जादा लाइन गळते म्हणून महिन्यापूर्वीच बंद केलेली. गाळप थांबलं. गेटवर उसाच्या गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत गेली. मी नवा पडदा काखेत घेऊन पोचलो तेव्हा फडतरे व्हॉल्व्हपाशी उभे होते. नळीचा नट त्यांच्या खिशात होता, खडूची रेघ मारलेली होती, आणि पान्हा जमिनीवर ठेवलेला होता.

"लांबडं कुठायत?" त्यांनी विचारलं. कोणाला उद्देशून नव्हे.

मी सोळा बोल्ट मोजले. सोळाही एका मापाचे, चंदेरी. मला पूर्ण समजलं नाही, पण माझ्या हातून काहीतरी झालं आहे एवढं समजलं. मी गप्प राहिलो.

पेठकरसाहेब म्हणाले, पंचेचाळीस मिनिटांचं काम आहे, आहेत तेच बोल्ट बेताने सैल करा. फडतरे म्हणाले, व्हय साहेब, पंचेचाळीस मिंटाचंच हाय, लांबडं द्या. साहेबांनी दुसऱ्या फिटरला बोलावलं. तो तयार होता. तेव्हा फडतऱ्यांनी पान्हा उचलला, पाठीमागे धरला, आणि व्हॉल्व्हला पाठ लावून उभे राहिले. टोपीच्या इतक्या जवळ मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं.

"ह्यो मी उघडत न्हाई साहेब," ते म्हणाले. "आन दुसऱ्या कुणाला उघडू देत न्हाई."

पस्तीस मिनिटं हे चाललं. साहेब ओरडत होते, फडतरे तीच दोन वाक्यं म्हणत होते. का, ते सांगत नव्हते. दहा वाक्यांत सांगितलं असतं तर तिथल्या शेंबड्या पोरालाही पटलं असतं. आजही ती पस्तीस मिनिटं आठवली की मला वाटतं, खांदे धरून या माणसाला हलवावं आणि म्हणावं, बोला ना. मग आठवतं की मीही तोंड बंद करूनच उभा होतो.

शेवटी ते माझ्याकडे वळले. काखेतल्या पडद्याकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे. फक्त एवढंच विचारलं, "सुतळी हाय का?"

मी पळत गेलो. सुतळी ड्रॉवरच्या तळाशी होती, गाठींसकट. ती मी वर्कशॉपच्या टर्नरच्या हातात दिली आणि गाठीपासून गाठीपर्यंत चार बोल्ट लेथवर काढायला सांगितले. तीन तास दहा मिनिटं लागली.

अडीच वाजता फडतऱ्यांनी काम सुरू केलं. एक आखूड काढून त्या जागी एक लांब, मग त्याच्या समोरचा, असे चार. मग राहिलेले बारा आखूड काढले. मग मोजणी. एक नंबर आधा, तीन नंबर आधा. परातींच्या काठांमध्ये फट दिसू लागली. मी फूटपट्टी घेऊन बाजूला, त्यांनी दाखवलेल्या जागी, बसलो होतो. फट अर्धा इंच झाली तेव्हा ते थांबले आणि कधी नव्हे ते मोजणीच्या मध्ये बोलले. "आखूड हितं सपला असता," ते म्हणाले, आणि पुढे मोजू लागले. टोपी वर येतच राहिली. एक इंच, दीड, दोन. सव्वादोन इंचांवर नट हाताने फिरू लागले. स्प्रिंग मोकळी झाली होती.

पेठकरसाहेबांनी स्प्रिंगचा जोर साधारण तीन क्विंटल सांगितला. मी त्रैराशिक मांडलं. सव्वादोन इंचांना तीन क्विंटल, तर अर्धा इंच सुटल्यावर उरलेल्या पावणेदोन इंचांना दोन क्विंटल तेहतीस किलो. म्हणजे आखूड बोल्टाचा शेवटचा आटा सुटला असता तेव्हा टोपीखाली साखरेच्या सव्वादोन पोत्यांहून जास्त जोर उरला असता, आणि टोपीवर एक माणूस वाकलेला असता. तो आकडा मी वहीत लिहिला.

तीन पंचवीसला वाफ सुरू झाली. बंद वेळ चार तास चाळीस मिनिटं, न गाळलेला ऊस दोनशे त्रेचाळीस टन. एवढ्या उसापुढे कोणाचं तरी नाव लागणार हे उघड होतं.

घरी बायकोला सांगितलं. आमच्याकडे त्या वर्षी कुकर घेतला होता. ती भाजी चिरत होती, वर न पाहता म्हणाली, "म्हणजे आत वाफ असताना झाकण काढण्यासारखंच की." दोन वर्षं मी ज्या चिठ्ठ्या परत पाठवल्या त्यांचा अर्थ तिला एका वाक्यात कळला. मग तिने विचारलं, "ते बोल्ट तुम्हीच काढलेत हे सांगितलंत ना?" मी म्हणालो, चौकशीत विचारतील तेव्हा सांगेन. ती म्हणाली, "आणि नाही विचारलं तर?" त्यावर मी पेपर उघडला.

चौकशीत विचारलं. लेबर ऑफिसर तरुण आणि सरळ मनाचे होते. आरोप वाचून दाखवल्यावर त्यांनी पहिलाच प्रश्न केला की लांब बोल्ट मुळात काढले कोणी. मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. पण फडतरे आधी बोलले.

"त्ये इचारू नगा साहेब. मी उघडलं न्हाई, दुसऱ्याला उघडू दिलं न्हाई. दोनी खरं हाय. मला काय द्यायची ती शिक्षा द्या. कागदात निस्तं येवढं लिवा, की टोपीला चार लांबडं कायम ऱ्हातील."

"लांबडं म्हणजे?" ऑफिसरांनी विचारलं.

पेठकरसाहेब हसले. सापाचा विनोद पुन्हा एकदा झाला. मग कागदावर लिहिलं गेलं: 'योग्य त्या लांबीचे बोल्ट वापरण्याची दक्षता घेण्यात यावी.'

फडतरे म्हणाले, "योग्य कोन ठरिवनार?"

ऑफिसरांनी कागद त्यांच्यापुढे सरकवला. "त्या कागदात माजं लांबडं न्हाई," ते म्हणाले, आणि सही केली. त्या दिवशी त्यांच्या आवाजात मला पहिल्यांदा राग ऐकू आला. सात दिवसांच्या पगाराचा नव्हता तो. तो एक शब्द कागदावर यावा म्हणून हा माणूस नोकरी पणाला लावून उभा होता, आणि तो शब्द आम्हा तिघा शिकलेल्यांना गावंढळ वाटला.

सह्या झाल्यावर मी म्हणालो, "साहेब, ते बोल्ट मी काढले होते. समारंभाच्या वेळी."

पेठकरसाहेबांनी पेनाला टोपण लावलं. म्हणाले, "हे आत्ता सांगताय? कागद झालाय आता." ऑफिसर माझ्याकडे बघत राहिले, पण कागद त्यांनीही परत उघडला नाही. फडतरे तोवर बाहेर गेले होते. मी दहा मिनिटं आधी बोललो असतो तर काय झालं असतं, याचा हिशेब मी पुष्कळदा मांडला आहे. तो दर वेळी तोच येतो.

२० तारखेला ते कामावर आले. त्याच दिवशी मी माझ्या पगारातले अठ्ठ्याहत्तर रुपये चाळीस पैसे पाकिटात घालून खिडकीतून त्यांच्यापुढे धरले. त्यांनी पाकीट उघडलं नाही. "किती हाय?" म्हणून विचारलं. मी आकडा सांगितला. ते म्हणाले, "बाकीच्या सा व्हॉल्वावर आजून तुमचं आखूडच हाय. ह्यात किती लांबडं हुतील?"

मी चौकशी केली. आमचा लेथ हंगामात मोकळा नव्हता. कराडला एक टर्नर लोखंडासह तीन रुपयांना एक करून द्यायला तयार होता. सहा व्हॉल्व्हचे चोवीस. रविवारी मी एस.टी.ने कराडला गेलो, फडतऱ्यांनी दिलेल्या सहा सुतळ्या खिशात घेऊन. या वेळी प्रत्येक सुतळी मी आधी मोजली होती. बोल्ट आले तेव्हा फडतऱ्यांनी लाल रंगाचा एक डबा आणायला सांगितला. चोवीस आणि आधीचे चार, सगळ्यांची डोकी त्यांनी लाल रंगवली. म्हणाले, तुमास्नी चंदेरी आवडतंय, पन ह्ये तांबडंच ऱ्हाऊ दे.

स्टोअरच्या रजिस्टरात मी एक नवं पान उघडलं. वस्तूचे नाव: लांबडा. जमा: चोवीस. कोणाकडून, हा रकाना मी कोरा ठेवला. ऑडिटरने विचारलं, हा काय प्रकार आहे? मी त्याला उठवून व्हॉल्व्हपाशी नेला आणि आधी बाजूला उभा केला. ते पान अजून आहे. मागणीच्या चिठ्ठ्या आता त्याच नावाने येतात आणि कोणी हसत नाही.

बोल्ट बसवून झाले त्या दुपारी मी फडतऱ्यांना कँटीनमध्ये घेऊन गेलो. ते यापूर्वी माझ्याबरोबर कधी आले नव्हते. बशीत चहा ओतून ते फुंकर घालत होते. मी म्हणालो, "फडतरे, ते बोल्ट मी काढले होते."

"ठावं हाय की."

"मग चौकशीत मला बोलू का दिलं नाहीत?"

त्यांनी बशी खाली ठेवली. "पलटणीत माजा येक जोडीदार व्हता," ते म्हणाले. "आसलीच टोपी उघडताना गेला. चौकशी बसली. तीन दिस नुस्तं, लांबडं कुनी काढलं, कुनी काढलं. परत घालायचं कुनाच्या ध्येनात न्हाई. म्हैन्याच्या आत तिथंच दुसरा गेला." मग बशी उचलली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "पयल्या बारीला काढल्यालं म्याच व्हतं. दुसरीकडं कमी पडलं म्हून."

आम्ही चहा संपवला. ते उठले, जाताना सवयीने माझी खुर्ची थोडी बाजूला सरकवली. समोर काहीच नव्हतं.

अठ्ठ्याहत्तर रुपये चाळीस पैशांचा हिशेब असा. चोवीस लांबड्यांचे कराडच्या टर्नरला बहात्तर रुपये. लाल रंगाच्या डब्याचे दुकानदाराला पाच रुपये नव्वद पैसे. दोन चहाचे कँटीनवाल्याला पन्नास पैसे. फडतऱ्यांना काही नाही.